एका निकेलची कॉफी, साठ ताटांची आमटी

ते पोस्टकार्ड मला दोन डॉलरला मिळालं. प्रोजेक्टसाठी सहा महिने न्यू जर्सीत होतो, तेव्हाची गोष्ट. रविवारी करायला काही नसायचं, म्हणून बस पकडून एका जुन्या बाजारात जायचो. तिथे एका टेबलावर बुटांची खोकी मांडलेली असत आणि त्यांत हजारो जुनी पोस्टकार्डं उभी लावलेली. मधेमधे पुठ्ठ्याच्या खुणा. फ्लोरिडा. पूल. रेल्वे स्टेशनं. आणि एक अख्खं खोकं नुसतं ‘रेस्टॉरंट’चं.

लोक हॉटेलात जेवून त्या हॉटेलाचंच पोस्टकार्ड घरी पाठवायचे, हे मला माहीतच नव्हतं. आपण पानाचा फोटो काढून स्टोरी टाकतो, तसंच हे. फक्त पोचायला दोन दिवस लागायचे.

मी उचललं ते कार्ड न्यूयॉर्कच्या एका ‘ऑटोमॅट’चं होतं. भिंतभर काचेच्या छोट्या छोट्या खिडक्या, संगमरवरी टेबलं, गुळगुळीत खुर्च्या, चकचकीत फरशी. माणूस एकही नाही. मागे पेन्सिलीने तीन ओळी: पोचलो, इथे जेवलो, पाय छान होता. (पाय म्हणजे गोड सारण भरलेला तो भाजलेला पदार्थ, आपला पाय नव्हे. मलाही वाचताना क्षणभर लागलाच.)

मी चित्रातल्या त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिलो. जिथे मी कधी गेलो नाही आणि जे आता अस्तित्वातच नाही, अशा जागेची मला आठवण येत होती. हा काय प्रकार आहे, म्हणून मी शोधायला लागलो. त्या शोधाचा शेवट मिरजेजवळच्या एका स्वयंपाकघरात होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

एका सेंटची जाहिरात

अमेरिकेत खासगी छापखान्यांना एका सेंटच्या तिकिटावर जाणारी कार्डं छापायची मुभा मिळाली ती 1898 साली. सुरुवातीला मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. मजकूर लिहायचा तर तो चित्राच्याच कडेला दाटीवाटीने. 1907 साली नियम बदलला. मागची बाजू उभ्या रेषेने दोन भागांत विभागली गेली, उजवीकडे पत्ता आणि डावीकडे मजकूर. आपण आजही पोस्टकार्ड म्हटलं की हेच रूप डोळ्यांसमोर आणतो.

हॉटेलवाल्यांना यातली गंमत लगेच कळली. टेबलावर कार्डं फुकट ठेवायची. गिऱ्हाईक जेवण येईपर्यंत बसल्या बसल्या चार ओळी लिहिणार. काही ठिकाणी तर तिकीटही हॉटेलच लावून द्यायचं. म्हणजे तुमच्या हॉटेलाची जाहिरात तुमचंच गिऱ्हाईक स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या ओळखीच्या माणसाला पाठवणार. आजच्या मार्केटिंगवाल्यांना याहून जास्त काय हवं असतं?

ही कार्डं छापणारी मोठी कंपनी शिकागोत होती. कर्ट टाइख नावाच्या जर्मन स्थलांतरिताने ती 1898 साली सुरू केली आणि ती 1978 पर्यंत चालली. तिचं दप्तर आता शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. 1930च्या दशकात या कंपनीने ‘लिनन’ कार्डं लोकप्रिय केली. कागद कापडाचा नव्हता, पण त्यावर विणलेल्या कापडासारखा पोत उठवलेला असे. त्यामुळे शाई लवकर वाळायची आणि भडक रंग वापरता यायचे. मूळ फोटो कृष्णधवल असायचा. त्यावर कलाकार बसून काम करायचे. विजेच्या तारा पुसायच्या, आभाळ निळं करायचं, कचरा काढायचा, नको असलेली माणसं गायब करायची. भिंतीचा आणि पडद्यांचा रंग कोणता हवा, तेही हॉटेलमालक सांगू शकत असे.

थोडक्यात, माझ्या हातातलं चित्र फिल्टर लावलेलं होतं. माणसं नव्हती, कारण ती ठेवलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडली. टाइखच्या लिनन कार्डांवर एक बारीक क्रमांक असतो. आधी एक आकडा, मग एक अक्षर. अक्षर म्हणजे दशक: ए म्हणजे तीसचं, बी म्हणजे चाळीसचं, सी म्हणजे पन्नासचं. आकडा म्हणजे त्या दशकातलं वर्ष. ‘5ए’ दिसलं की 1935. आमच्या रिलीजचे व्हर्जन नंबर इतके सरळ असते तर किती बरं झालं असतं!

भिंतीपलीकडून येणारं जेवण

आता त्या खिडक्यांकडे येऊ.

जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट या दोघांनी 1888 साली फिलाडेल्फियात पंधरा स्टुलांचं एक छोटं खाण्याचं दुकान काढलं. टेबल एकही नव्हतं. हार्डार्ट जन्माने जर्मन, वाढला न्यू ऑर्लिन्समध्ये. तिथली गाळून केलेली कॉफी त्याने सोबत आणली आणि दुकान कॉफीवरच गाजलं. जून 1902 मध्ये याच शहरात, चेस्टनट स्ट्रीटवर, त्यांनी जर्मनीहून आणलेली यंत्रं बसवून पहिलं ऑटोमॅट उघडलं. 1912 साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दुसऱ्या शहरातलं पहिलं. पुढे एकट्या न्यूयॉर्कमध्ये चाळीसच्या वर झाली.

पद्धत अशी. आत शिरलं की काचेच्या चौकीत एक बाई बसलेली. तुम्ही नोट सरकवायची, ती न मोजता मोजल्यासारखे पाच-पाच सेंटचे ‘निकेल’ तुमच्यापुढे फेकायची. या बायकांना ‘निकेल थ्रोअर’ म्हणत. दिवसभर नाणी हाताळून बोटं सोलू नयेत म्हणून त्या बोटांना रबरी टोप्या घालायच्या. मग तुम्ही भिंतीपाशी जायचं. प्रत्येक खिडकीमागे एक पदार्थ. मॅकरोनी-चीज, छोट्या मडक्यातले भाजलेले बीन्स, साय घातलेला पालक, पंपकिन पाय. फटीत निकेल टाकायचं, मूठ फिरवायची, खट् आवाज होऊन दार उघडायचं. कॉफीची तोटी डॉल्फिनच्या तोंडाची असे आणि एका निकेलला बरोबर एक कप ओतून ती थांबे.

वेटर नाही, म्हणून टिप नाही. मेन्यू वाचावा लागत नाही, म्हणून इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितालाही अडचण नाही. एका कपावर कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. महामंदीच्या काळात लोक फुकटच्या गरम पाण्यात टेबलावरचं केचप घालून टोमॅटो सूप बनवायचे आणि तेच पिऊन निघून जायचे. एडवर्ड हॉपरने 1927 साली ‘ऑटोमॅट’ याच नावाचं चित्र काढलं. एक बाई रात्री एकटी कॉफीचा कप घेऊन बसली आहे. न्यू जर्सीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी ते चित्र लॅपटॉपवर बऱ्याचदा बघितलं. माझ्याकडे कॉफीऐवजी मॅगी असायची एवढाच फरक.

कॉफीची किंमत कित्येक दशकं पाच सेंटच राहिली. हे जितकं गोड वाटतं तितकं गोड नाही. यंत्राची फट निकेलसाठीच घडवलेली होती. सहा किंवा सात सेंट करणं शक्यच नव्हतं. ज्याला आम्ही ‘हार्डकोड केलं’ म्हणतो, तो हा प्रकार. अखेर 1950 साली किंमत एकदम दुप्पट, दहा सेंट करावी लागली आणि गिऱ्हाईक दुखावलं गेलं. पुढे लोक उपनगरांत राहायला गेले, बर्गरची दुकानं आली. सत्तरच्या दशकात यांच्याच काही जागांत बर्गर किंग सुरू झाली. शेवटचं ऑटोमॅट 1991च्या एप्रिलमध्ये बंद झालं.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे कोण?

ऑटोमॅटमध्ये ऑटोमॅटिक असं फार थोडं होतं. खिडक्यांच्या मागे फिरणारे उभे पोलादी नळकांडे होते आणि त्यांच्यामागे माणसं. नळकांडं फिरवायचं, रिकामी झालेली खणं भरायची, परत गिऱ्हाइकाकडे फिरवायचं. पुढून बघणाऱ्याला वाटायचं, जेवण आपोआप येतंय. कधी ते नळकांडं फिरताना एखादा हात दिसला तर तेवढाच.

त्या माणसांच्याही मागे ‘कमिसरी’ नावाचं मध्यवर्ती स्वयंपाकघर होतं. तिथे पदार्थ तयार व्हायचे आणि ट्रकने शाखाशाखांत जायचे. मॅनेजरांकडे चामडी बांधणीचं एक पुस्तक असे. बीन्स किती वाढायचे, ताटलीत काय कुठे ठेवायचं, सगळं त्यात. वीस मिनिटांपेक्षा जुनी कॉफी ओतून द्यायची. कंपनीचे वरिष्ठ रोज एका टेबलाभोवती बसून वेगवेगळ्या शाखांतून मागवलेले पदार्थ चाखायचे. त्या टेबलाचं नावच ‘सँपल टेबल’. ज्या टेस्टिंगसाठी आम्ही स्प्रिंटमध्ये दोन दिवस मागतो आणि मिळत नाहीत, ते टेस्टिंग इथे रोज व्हायचं.

हे वाचताना मला आमच्या ऑफिसमधल्या टचस्क्रीनची आठवण झाली. आपण बोट लावतो, टोकन येतं, चार मिनिटांत डोसा येतो. भिंतीपलीकडे तव्यासमोर उभा असलेला मुलगा मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

चित्रात कोण नाही

त्याच खोक्यात ‘हॉवर्ड जॉन्सन’ या साखळीची कार्डंही खूप होती. केशरी छत, निळा कळस, अठ्ठावीस प्रकारचं आइस्क्रीम. 1925 साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीत एका छोट्या दुकानातून सुरू झालेली ही साखळी हायवेवर देशभर पसरली. तिचं शेवटचं रेस्टॉरंट 2022 साली बंद झालं. झाक पेपँ या फ्रेंच शेफने व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघराची नोकरी नाकारून या कंपनीत काम धरलं, ही तिच्या चाहत्यांची आवडती गोष्ट.

आणखी एक गोष्ट आहे. ऑक्टोबर 1957. घाना स्वतंत्र होऊन काही महिने झाले होते. त्या देशाचे अर्थमंत्री कोम्ला बेडेमा डेलावेअर राज्यातल्या डोव्हर इथे हॉवर्ड जॉन्सनमध्ये थांबले आणि त्यांनी संत्र्याचा रस मागितला. रस मिळाला, पण आत बसून प्यायला मनाई झाली. कारण ते काळे होते. बातमी जगभर गेली आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांना व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलवावं लागलं.

त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट 1955 मध्ये, अमेरिकेतले भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या रेस्टॉरंटमधून उठवून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं गेलं होतं. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली. ज्यांच्यासाठी कोणी माफी मागणार नव्हतं, अशा लाखो काळ्या प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका होती. कुठे जेवायला, राहायला मिळेल त्याची यादी. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या, टपालखात्यात काम करणाऱ्या माणसाने ती 1936 साली काढली. एकीकडे टपालाने फुकट वाटलेली हॉटेलांची कार्डं जात होती, आणि दुसरीकडे एक पोस्टमन कुठल्या हॉटेलात जाणं सुरक्षित आहे ते छापत होता.

ऑटोमॅटबद्दल लोक प्रेमाने बोलतात त्याचं हेही एक कारण आहे. तिथे सगळे एका टेबलावर बसू शकत. 2021 साली आलेल्या ‘द ऑटोमॅट’ या माहितीपटात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग आणि जनरल कॉलिन पॉवेल आपल्या लहानपणच्या आठवणी सांगतात.

पण मला स्वतःपुरता प्रश्न पडलाच. रस्त्याकडेच्या त्या रंगीत हॉटेलांपैकी किती ठिकाणी 1955 साली मला आत बसू दिलं असतं? ज्या काळाची मी आठवण काढतोय, त्या काळाने माझी दखल घेतली असती का? स्मरणरंजन स्वस्तात होतं, दोन डॉलरला एक. त्यातून काय काय पुसलंय ते बघायला वेळ द्यावा लागतो.

अर्धा चमचा साखर

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2012 साली शहरातल्या दुपारच्या जेवणाच्या इतिहासावर प्रदर्शन भरवलं. त्यात ऑटोमॅटची एक भिंत परत उभी केली होती. खिडकी उघडली की आत पदार्थाऐवजी त्याची पाककृती छापलेलं कार्ड. मला ही कल्पना भारी वाटली. पुण्यात परत आल्यावर मी ऑटोमॅटची मॅकरोनी-चीज करून बघायचं ठरवलं.

कृती सोपी आहे, तुम्हीही करू शकता. सव्वादोनशे ग्रॅम मॅकरोनी उकडून घ्या. दीड मोठा चमचा लोणी वितळवून त्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परता, मग दीड कप दूध हळूहळू घालत ढवळा. गुठळ्या होऊ देऊ नका. मीठ, पांढरी मिरी, चिमूटभर लाल तिखट. दोन चमचे साय आणि एक कप किसलेलं चीज घालून विरघळू द्या. आता याची खास खूण: अर्धा कप चिरलेला टोमॅटो आणि अर्धा चमचा साखर. सगळं मॅकरोनीत मिसळून ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर वरचा थर तपकिरी होईपर्यंत भाजा. आपल्याकडचं क्यूबचं चीज वापरलंत तर मीठ जपून.

चांगली झाली. आजीलाही दिली. आजी त्या आठवड्यात आमच्याकडे आली होती. तिने दोन घास खाल्ले, म्हणाली, “बरी आहे. किती पानांची केलीस?”

“चार.”

“चारची काय करायची रे. चारचं मला कधी जमलंच नाही.”

माझी आजी मिरजेजवळ मेस चालवायची. पंचवीसेक वर्षं. दोन वेळचं जेवण, रोज साठ ताटं. जेवणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणायची. तिची अख्ख्या मसुराची आमटी खाल्लेले मेंबर आज कुठे कुठे साहेब झालेत, हे ती अभिमानाने सांगते. त्या मेसचा एकही फोटो नाही. पोस्टकार्ड तर सोडाच, दारावर पाटीसुद्धा नव्हती. आणि तिच्या आमटीची कृती कोणाकडेच नाही. आईला येत नाही, मावशीला येत नाही. प्रत्येकीने करून बघितली आणि सोडून दिली.

मी त्या रात्री फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तिच्याशेजारी बसलो. आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हल्ली ती एकच गोष्ट दोनदा सांगते आणि दोन्ही वेळा वेगळी सांगते.

तिने सांगितलं ते असं. पाच मापटी मसूर, रात्री भिजवून. दोन ओंजळी सुकं खोबरं भाजून. चटणी म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, तो मोठ्या पळीने तीन पळ्या. गूळ अंड्याएवढा. फोडणी मोठ्या पातेल्यात आधी. मी पंधराने भागाकार करून चार माणसांचं गणित मांडलं आणि दुसऱ्या दिवशी आमटी केली. मसूर बरोबर, मीठ बरोबर, आणि चव नाहीच.

मग डोक्यात उजेड पडला. ऑटोमॅटची कृती मला सोपी मिळाली, कारण कमिसरीतल्या प्रचंड भांड्यातून घरच्या कढईपर्यंत तिला आणण्याचं काम कोणीतरी आधीच केलं होतं. करून, चाखून, बदलून. नुसत्या भागाकाराने ते होत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी प्रमाणाने कमी आटतं. आणि साठ ताटांचं पातेलं खाली उतरवलं तरी दोन तास गरम राहतं. आजी दहाला गॅस बंद करायची, मेंबर बाराला यायचे. ते दोन तास आमटी स्वतःच्या उष्णतेवर मुरत असायची. माझी कढई वीस मिनिटांत गार. हे दोन तास आजीच्या कृतीत नव्हते, कारण त्या वेळात ती पोळ्या लाटत असायची. तिच्या लेखी आमटी दहालाच झालेली असे.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग मेंबर आण की.”

पुढच्या रविवारी मी ऑफिसातले आणि सोसायटीतले मिळून बावीस जण बोलावले. केटरिंगवाल्याकडून पातेलं आणलं. आजी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि मला हुकूम सोडू लागली. चटणी तीन पळ्या म्हणाली होती, आता दोनच म्हणाली. गूळ नको म्हणाली, मग घातला का म्हणून विचारलं. दहाला गॅस बंद केला. झाकणावर जाड टॉवेल टाकला. साडेबाराला तिने ओगराळ्याने आमटी ढवळली, तळहातावर घेऊन चाटली आणि थोडा वेळ काही बोललीच नाही.

“जवळ आलास,” म्हणाली. “मीठ जास्त झालंय.”

बावीसही जण जेवले. पातेलं पुसून घ्यायची वेळ आली. आजीने प्रत्येकाला नाव आणि गाव विचारलं, जसं ती नव्या मेंबरला विचारायची. या वेळी मी फोटो काढले. पातेल्याचे काढले, आणि खुर्चीतल्या तिचेही. तिला पुसून टाकलं जाऊ नये एवढीच काळजी घेतली.

आता माझ्या फोनमध्ये एक तक्ता आहे. तीन रकाने: साठ, बावीस, चार. साठचा आजीने सांगून भरला. बावीसचा आम्ही दोघांनी करून भरला. चारच्या रकान्यात मसूर आहे, मीठ आहे, ‘कुकर दोन तास गोधडीत गुंडाळून ठेवणे’ असं लिहिलं आहे. चटणीपुढे अजून जागा रिकामी आहे. पुढच्या शनिवारी मी मिरजेला जातोय.